आत्याचा अंगठा आणि पाटलाचा नांगर

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय तीनशे वर्षांपूर्वीचा आहे, पण सुरुवात आपल्याच चाकण पट्ट्यातल्या एका ग्रामसभेपासून करतो.

गावाचं नाव लिहीत नाही. आजूबाजूच्या दहा गावांत हेच चालतं, एकालाच कशाला बदनाम करायचं. दोनेक वर्षांपूर्वी तिथली ग्रामसभा कव्हर करायला गेलो होतो. विषय गायरानाच्या तुकड्याचा, 'ना हरकत' द्यायची की नाही. हॉलमध्ये माणसं मोजली, तेवीस. त्यात दोन आम्ही पत्रकार आणि एक चहावाला. ठराव वाचला गेला, माना डोलल्या, नारळ फुटावा तसा पाच मिनिटांत विषय फुटला.

महिन्याभराने त्या ठरावाची प्रत हातात आली. हजेरीच्या पानांवर शंभराच्या वर सह्या. त्यात माझ्या आत्याचीही सही. चांगली वळणदार, नावाखाली रेघ ओढलेली.

आमची आत्या अंगठा करते. आयुष्यात तिने सही केलेली नाही.

आत्याला विचारलं, तर म्हणाली, "रजिस्टर दारावरून जातं रे बाबा, कुणी केली आसंल सुनंनं." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. बातमी केली, दोन कॉलम आली आणि विरली. पण एक गोष्ट डोक्यात राहिली: सभेला कोण हजर होतं, हे लिहून ठेवायची पद्धत आपल्याकडे कधीपासून आहे? आणि ती एवढी पोकळ कधी झाली? त्या नादात गेली दोन वर्षं सवड मिळेल तसे जुने छापील महजर वाचतोय. मोडी येत नाही, पण भारत इतिहास संशोधक मंडळाच्या 'शिवचरित्र साहित्य'च्या खंडांत देवनागरीत बरंच छापलेलं आहे. त्यातून जे समजलं ते सांगतो.

आधी एक योगायोग.

ऑक्टोबर १७०७. आपल्या खेडजवळ, म्हणजे आजच्या राजगुरुनगरजवळ, भीमेच्या काठी दोन मराठी फौजा समोरासमोर आल्या. एकीकडे मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज, दुसरीकडे ताराराणींच्या बाजूने धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी. हा खरा शाहू की तोतया, इथपासून वाद होता. ताराराणींनी सरदारांकडून दूधभाताची शपथ घेतली होती असं बखरी सांगतात. शाहू खरा असल्याची खात्री करायला धनाजींनी आपल्या कारकुनाला पाठवलं, तो म्हणजे बाळाजी विश्वनाथ. खात्री पटली, धनाजी शाहूंकडे वळले, परशुरामपंत साताऱ्याकडे मागे गेले. पुढे जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि १७१३ मध्ये मांजरीला बाळाजींना पेशवाई मिळाली. पुढची शंभर वर्षं ठरली ती आपल्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर.

त्याच ऑक्टोबर महिन्यात लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये ग्रेट ब्रिटनची पहिली पार्लमेंट बसली. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच वर्षीच्या १ मे रोजी एक झाले होते. वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, स्कॉटलंडचे १६ उमराव नव्याने येऊन बसले.

आता मला सांगा, आपल्याकडे त्या वेळी असं काही होतं का? पुस्तकी उत्तर 'नाही'. राजा, अष्टप्रधान, सरदार. पार्लमेंट वगैरे नाही. पण त्या लॉर्ड्सच्या सभेचा एक दिवस घ्या आणि चाकण चौऱ्यांशीतल्या, म्हणजे चाकणच्या चौऱ्यांशी गावांच्या परगण्यातल्या, गोतसभेचा एक दिवस घ्या. शेजारी शेजारी ठेवून बघा.

लॉर्ड्सचा दिवस आधी. सुरुवात प्रार्थनेने, ती एक बिशप म्हणणार. मग कारकून वहीत हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव लिहिणार, आधी धर्माधिकारी, मग उमराव, दर्जाप्रमाणे. लॉर्ड चॅन्सलर लोकर भरलेल्या गादीवर. आपल्याला वाटतं तिथे दिवसभर राज्याचे मोठमोठे कायदे व्हायचे. तेही व्हायचे, पण बराचसा वेळ जायचा घरगुती जमिनींत. अमक्या उमरावाला कर्ज झालंय, वडिलोपार्जित जमीन विकायची आहे, पण वारसा असा बांधलेला की विकता येत नाही, म्हणून त्याच्या एकट्यासाठी खास कायदा. असे अर्ज आले की ते दोन न्यायाधीशांकडे तपासायला जायचे आणि ज्यांचा ज्यांचा हक्क त्या जमिनीत आहे त्यांची संमती बघितली जायची. शिवाय लॉर्ड्स हेच देशातलं शेवटचं अपील कोर्ट. म्हणजे एकाच दिवशी, एकाच दालनात कायदा, जमीन आणि न्याय.

आता आपल्याकडे या. गोतसभेला कागदांत 'मजलस' असंही म्हणतात. गोत म्हणजे नुसते भाऊबंद नव्हेत. गावाचं गोत म्हणजे पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे-महाजन, बलुतेदार. परगण्याचं गोत म्हणजे देशमुख, देशपांडे आणि गावोगावचे पाटील-कुलकर्णी. त्यांच्या जोडीला दिवाण, म्हणजे सरकारचे अंमलदार. सुभेदार, हवालदार, कारकून जे असतील ते. बसायची जागा चावडी, देवळाचा सभामंडप किंवा कसब्याचं ठाणं. मोठं प्रकरण असेल तर वाई, कऱ्हाड, पैठण असं क्षेत्राचं ठिकाण.

दिवसाची सुरुवात तशीच, नावं लिहून. महजराच्या कागदावर वरच्या भागात 'हाजिर मजलस' आणि खाली नावांची रांग. आधी दिवाणातले, मग देशमुख-देशपांडे, मग गावाच्या नावासकट पाटील, मग शेटे, मग बलुतेदार. पाटलाच्या नावापुढे नांगराची खूण, व्यापाऱ्याच्या नावापुढे तराजू, बलुतेदारांपुढे ज्याच्या त्याच्या धंद्यातलं हत्यार. लिहिता न येणारा माणूसही कागदावर स्वतःच्या खुणेनं असायचा. काही महजरांत ही यादीच एवढी लांब की निवाडा वाचायच्या आधीच दम लागतो. मला आधी ते कंटाळवाणं वाटलं. नंतर कळलं, यादी हाच त्या कागदाचा जीव आहे.

समजा वाद पाटीलकीचा आहे. त्या काळात तो सर्रास असायचा. आधी दोघांकडून राजीनामा घ्यायचे. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तेव्हा राजीनामा म्हणजे 'ही सभा जो निवाडा देईल त्याला मी राजी आहे' असं लिहून देणं. मग जामीन. ज्याने आधी बोलायचं तो अग्रवादी, दुसरा पश्चिमवादी. दोघांची तक्रीर, म्हणजे जबानी, लिहून घ्यायची. हा कुळकथेपासून सुरू होणार: माझ्या पणज्याने ओसाड गावाची वसाहत केली, दुष्काळात परागंदा झालो, परत आलो तर चुलतभावाने पाटीलकी बळकावलेली. तो म्हणणार, तुझा पणजा आमच्याकडे राखोळीला होता. समोरची सभा आपल्याविरुद्ध फितलेली आहे असं वाटलं, तर दुसरं थळ मागायची सोय होती. म्हणजे आज आपण 'केस दुसऱ्या कोर्टात वर्ग करा' म्हणतो तसंच.

मग कागद. आणि इथेच १७०० नंतरची खरी गंमत. औरंगजेब दख्खनेत उतरल्यापासून पंचवीसेक वर्षं मुलूख तुडवला गेला होता. एकाच वतनावर एकाकडे मोगलांचं फर्मान, दुसऱ्याकडे राजाराम महाराजांच्या काळातली सनद. पुढे सातारा आणि कोल्हापूर वेगळे झाले, तेव्हा त्यात आणखी भर. सगळे कागद शिक्क्यासकट. खरा कोणता? शिक्का बघून ठरत नाही. मग गोताला विचारायचं. आसपासच्या गावांतले जुने जाणते बोलवायचे, देवळात उभं करायचं, बेलभंडार उचलायला लावायचा आणि विचारायचं: होळीची पहिली पोळी कुणाची लागते? पोळ्याला पुढचा बैल कुणाचा? लग्नात पहिला विडा कुणाला? मानपान हाच पुरावा. आज आपण फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा यावरून हसतो, पण त्या मानामागे जमीन आणि हक्क बांधलेले होते.

शिवेचा वाद असेल तर महाराला पुढे करायचे. गावाची शीव त्याला ठाऊक, त्याचा शब्द वजनाचा. तो पुढे चालणार, मागून दोन गावं.

एवढं करून सुटलं नाही तर दिव्य. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, रवा, हाताने बाहेर काढायचा. मग हातावर पिशवी बांधून तोंडाला मोहर लावायची आणि दिवस लोटल्यावर सगळ्यांसमोर उघडून बघायचं. हात बिघडला तर खोटा. वाचताना अंगावर काटा येतो.

शेवटी निवाडा. जिंकलेल्याने सरकारात हरकी भरायची, हरलेल्याने गुन्हेगारी. सरकार दोन्ही बाजूंनी कमावणार, ही परंपरा जुनीच. आणि मग महजर. हा कागद म्हणजे निवाडा तर खराच, पण त्याहून जास्त म्हणजे साक्ष. एवढी माणसं एवढ्या जागी बसली होती आणि त्यांच्यादेखत हे झालं, याची. पन्नास वर्षांनी नातू भांडायला उभा राहिला तर तो हाच कागद काढणार.

आता कुणी म्हणेल, पत्रकार महाशय जुन्या काळाचे गोडवे गातायत. नाही गात. त्या सभेत सगळे होते, पण सगळे एका पंक्तीला नव्हते. ज्या महाराच्या शब्दावर शीव ठरायची, त्याला बसायची जागा लांबच होती. बायका त्या यादीत जवळपास नाहीतच. कारभारी विधवा पाटलीण स्वतःच्या हक्कासाठी भांडताना एखाद्या कागदात भेटते, पण सभेतली म्हणून नाही. लॉर्ड्समध्येही बाई बसायला १९५८ साल उजाडलं, म्हणून आपलं झाकत नाही. खोटे महजरही झाले. वतनदार किती डोईजड झाले होते ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वाचा, १७१५-१६ च्या सुमारासचं आहे. वतनदारांना साधं समजू नका, ते आपापल्या जागी छोटे राजेच आहेत, असा त्याचा सूर. राज्य चालवणाऱ्या माणसाचा अनुभव आहे तो.

पुढे पेशवाईत गोतसभेची ताकद उतरत गेली, सरकारने नेमलेली पंचायत वर आली. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने पंचायत टिकवून बघितली, तिच्या गुणदोषांबद्दल १८१९ च्या अहवालात लिहिलं. मग कोर्टं आली आणि विषय संपला.

पण मला त्या दोन सभांतली एक गोष्ट सोडत नाही. गैरहजर माणसाचं काय करायचं, याचं उत्तर दोघांकडे होतं.

लॉर्ड्समध्ये गैरहजर उमरावाला आपलं मत दुसऱ्याच्या हाती देता यायचं. ही पद्धत १८६८ पर्यंत चालली. आपल्या दृष्टीने हा सरळ घोटाळा. पण त्याला नियम होते: ते लेखी द्यायचं, त्याची वेगळी वही, एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त मतं नाहीत, आणि न्यायनिवाड्याच्या कामात असलं मत चालणार नाही. म्हणजे गैरहजर माणूस 'गैरहजर' म्हणूनच लिहिला जायचा. आणि ठराव पटला नाही तर हजर उमरावाला आपला निषेध कारणांसकट सभेच्या वहीत लिहून ठेवायचा हक्क होता. हरलेल्याचं म्हणणंही सरकारी वहीत!

आमच्या त्या ग्रामसभेत एक म्हातारा उठून म्हणाला होता, "गायरान गेलं तर शेळ्या कुठं न्यायच्या?" ठरावाच्या प्रतीत तो नाही. 'सर्वानुमते मंजूर' आहे. सभेला आलेली आणि बोललेली माणसं कागदावर नाहीत, न आलेली आत्या मात्र आहे.

कायदा काय सांगतो? ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि त्या तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही. म्हणजे खोट्या सह्यांची तशी गरजही नव्हती. सरळ लिहायचं होतं, 'तेवीस हजर, सभा तहकूब'. लॉर्ड्सची गणपूर्ती तर आजही तीन आहे. माणसं कमी असण्यात लाज नाही, खोटी दाखवण्यात आहे.

आता थोडं वर बघू, म्हणजे हा प्रश्न फक्त खेड्यातल्या रजिस्टरचा नाही हे कळेल.

आपलं वरचं सभागृह म्हणजे विधान परिषद. ७८ जागा. ३० आमदार निवडतात, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपाल नेमतात आणि २२ येतात स्थानिक संस्थांतून, म्हणजे तुमच्या-आमच्या नगरसेवकांच्या आणि जिल्हा परिषद सदस्यांच्या मतांवर. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. १२८ नगरसेवकांच्या जागी एक सही. निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी लागला. राज्यभर असंच. मतदारच नाहीत म्हणून विधान परिषदेतल्या त्या २२ पैकी कित्येक जागा मुदत संपल्यावर रिकाम्याच राहिल्या. खालची सभा बसली नाही की वरचीही पोकळ होते, याचं याहून सोपं उदाहरण नाही.

आणि राज्यपालांच्या १२ जागा? नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या सरकारने नावं पाठवली, निर्णयच झाला नाही. सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातल्या सात जागा भरल्या. यावर एक जुना किस्सा आहे. १७१२ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या ॲन राणीच्या सरकारला फ्रान्सशी तह करायचा होता, पण लॉर्ड्समध्ये बहुमत नव्हतं. मग एका दमात बारा नवे उमराव केले. बाराच! ते सभागृहात आले तेव्हा व्हार्टन नावाच्या विरोधी उमरावाने विचारलं म्हणे, तुम्ही मत एकेकटे देणार की ज्यूरीसारखे तुमच्या म्होरक्याच्या तोंडून? म्हणजे बाराचा आकडा आणि वरच्या सभागृहाचं राजकारण, दोन्ही तीनशे वर्षं जुनी आहेत. सरकारने माणसं भरली तरी सभा वाकते, आणि भरली नाहीत तरीही वाकते.

आपला हा पट्टा जमिनीवर उभा आहे. भोसरी, आकुर्डी, चिंचवड ही एकेकाळी शेतीची गावं, १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महापालिका. मग कारखाने तळवडे-महाळुंगे ओलांडून चाकणला आले. नोकऱ्या आल्या, रस्ते आले, कोंडी आली, गाड्या आल्या. मी त्याच्या विरोधात नाही. माझं घर त्याच पैशावर उभ्या असलेल्या दुकानांच्या जाहिरातींवर चालतं. पण पिढ्यानपिढ्यांची जमीन ज्या कागदाने जाते, त्या कागदावरची माणसं खरी असावीत, एवढंही मागायचं नाही का? सतराव्या-अठराव्या शतकात एका पाटीलकीच्या भांडणासाठी आसपासच्या गावांतली माणसं कामधंदा टाकून चावडीवर बसायची. आज सरकारजमा झालेलं, पण पिढ्यानपिढ्या गावाने वापरलेलं गायरान पाच मिनिटांत जातं आणि सह्या दारावर गोळा होतात.

आत्याला मी नंतर एकदा महजराचा फोटो दाखवला, नांगराची खूण असलेला. तिने मोबाइल लांब धरून बघितला. म्हणाली, "आपल्या घरात बी आसं एक चिठोरं होतं. पेटीत. तुझ्या आज्यानं बांधबंदिस्तीच्या टायमाला कुणाला तरी दाखवाया नेलं, ते परत आलंच न्हाई."

तर दोन विनंत्या. एक, कुणाच्या घरी पेटीत, देव्हाऱ्यामागे, माळ्यावर असे मोडी कागद असतील तर टाकू नका, कुणाला मूळ प्रत देऊ नका, आधी फोटो काढा. पुण्यात मोडी वाचणारे आहेत, पत्ता मी देतो. दोन, आपल्या गावच्या मागच्या तीन ग्रामसभांच्या हजेरीची पानं माहिती अधिकारात मागवा. आपलं नाव आहे का बघा. असेल आणि तुम्ही गेला नसाल, तर तसं लेखी कळवा आणि पोच घ्या.

आत्याच्या नावाने मी तसा अर्ज लिहून दिलाय. खाली तिने अंगठा केला. तीनदा शाई लावली, "नीट उमटला पायजे" म्हणून.

इतिहासात काही चुकलं असेल तर जाणकारांनी कमेंटमध्ये सांगावं, दुरुस्त करीन.